पाव्हलोवाचं माहेर

मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार. सीवूड्सच्या सोसायटीत वैशालीताईंकडे हळदीकुंकू होतं. उपास सोडायला यंदा मसाला दुधाबरोबर पाव्हलोवा नावाचा परदेशी केकही होता. पांढराशुभ्र, बाहेरून कुरकुरीत, आतून कापूस, वर क्रीम नि स्ट्रॉबेरी. शेजारच्या विंगमध्ये घरी केक करून विकणाऱ्या ऋताकडून खास मागवलेला.

"लेकीकडे ऑकलंडला गेले तेव्हा खाल्ला होता. न्यूझीलंडचाच पदार्थ आहे हा," वैशालीताई म्हणाल्या.

"काहीतरीच काय!" सुनयनाताई म्हणाल्या. त्यांचा मुलगा मेलबर्नला असतो. "ऑस्ट्रेलियाचा आहे. न्यूझीलंडवाल्यांनी आमचा उचलला."

दोघींनी मोबाइल काढले. पहिला पाव्हलोवा कधी झाला, याचं एकीला सापडलेलं वर्ष दुसरीला मान्य होईना. आवाज चढले. बाकीच्या बायका मुकाट्याने खात होत्या.

ताटल्या उचलायला राहीबाई आल्या. करावे गावच्या राहीबाई सकाळी ऋताकडेही कामाला जातात.

"कुठला का असंना," त्या म्हणाल्या, "बारा अंड्यांचा हाय. टरफलं मीच टाकली सकाली."

सगळ्यांनी आधी देवीच्या कलशाकडे पाहिलं. तिथे नैवेद्याच्या वाटीत एक तुकडा होता. मग आपापल्या ताटल्यांकडे पाहिलं. वैशालीताईंची रिकामी होती. सुनयनाताईंनी तर दोनदा घेतला होता.

"तुमचंच बरोबर होतं हो," वैशालीताई हळूच म्हणाल्या. "ऑस्ट्रेलियाचाच असणार."

"छे, छे," सुनयनाताई म्हणाल्या, "न्यूझीलंडचाच तो. मीच उगाच वाद घालत बसले."