तळ लागेपर्यंत

पुष्पाच्या रबरी चपला विहिरीत तरंगत होत्या. एक कपारीला अडकली होती. दुसरी पाण्याच्या मधोमध सावकाश गोल फिरत होती.

भटू काठावर उभा राहून त्या फिरणाऱ्या चपलेकडे बघत राहिला. डोकं ठणकत होतं. रात्री तो पिऊन आला होता. पुष्पावर, आपल्या बायकोवर हात टाकला होता, केसांना धरून तिला अंगणात ओढलं होतं. घर मळ्यातच, विहीर अंगणाला लागून. त्यापुढचं त्याला काही आठवत नव्हतं.

सगळ्यांच्या आधी विहिरीवर आली होती ती त्याची आई, झुंबरबाई. सुजलेले अनवाणी पाय पाटाच्या पाण्यात सोडून ती बसली होती. रडत नव्हती.

मळ्यात गाव जमलं. पोलीस पाटील शालिग्राम आबांनी गळ टाकायला लावला. गळाला शेवाळ आलं, एक गंजलेली बादली आली. मग वना उतरला. तापीच्या डोहात बुड्या मारण्यात त्याचा जन्म गेलेला, पण या विहिरीचा तळ काही त्याच्या हाती लागेना. दम खात तो वर आला आणि त्याने लोकांना समजावलं. चप्पल, लाकूड, केळीचा खांब पडल्या पडल्या तरंगतो. माणसाचं तसं नसतं. छातीत पाणी शिरलं की मढं तळाला जातं, मग पोट फुगलं की आपसूक वर येतं. उन्हाळ्यात लवकर येतं. हे दिवाळीनंतरचं गार पाणी, वेळ लागणार.

आबांचं म्हणणं, इंजिन लावून विहीर उपसावी आणि बोदवडला पोलिसांत वर्दी द्यावी. झुंबरबाई आडवी आली. पोरीला माहेरी कोणी उरलं नाही, इंजिनाने तिचा देह गाळात ओढला जाईल, तो आपसूक वर येऊ द्या, मग काय ते करा, असं तिने हात जोडून सांगितलं. आबांनी मान डोलावली.

भटूला वाटलं, आई आपल्याला वाचवतेय.

त्याला एका जागी बसवेना. तो कपाशीच्या सऱ्यांमधून बांधापर्यंत जायचा, परत यायचा, वाकून बघायचा. पाण्यावर बुडबुडा आला तरी तो काठाशी धावायचा. बेडकाने उडी मारली तेव्हा तो मागे सरकला. भाकरीचा घास तोंडात फिरत राहिला.

दुसऱ्या दिवशीही काही वर आलं नाही. लोक पांगले. भटू इंजिनाकडे गेला आणि त्याने हँडल धरलं.

"माय, लावतो इंजिन. मले नही सहन होत."

झुंबरबाईने त्याच्या हातावर हात ठेवला. तिचा हात मनगटात वाकडा होता. भटूच्या बापाने पिरगळला होता, पुढे नीट बसलाच नाही.

"राहू दे. येईल ती वर."

"माय, मीच ढकललं का तिले?"

तिने त्याच्याकडे बराच वेळ बघितलं. भटूला त्यातच उत्तर मिळालं.

सकाळी तो स्वतःहून आबांच्या ओट्यावर गेला. मारल्याचं, ओढत नेल्याचं, जेवढं आठवत होतं तेवढं सगळं चार माणसांसमोर सांगितलं. ती सापडली की मला बोदवडला घेऊन चला म्हणाला. मग मळ्यात येऊन त्याने हँडल फिरवलं. या वेळी आईने अडवलं नाही. लोकांसमोर कबूल केलं का, एवढंच तिने विचारलं. तो हो म्हणाला. ती बाजूला झाली.

इंजिन धडधडत राहिलं. पाणी कपारी उघड्या पाडत खाली गेलं. ऊन कलताना वना गुडघाभर गाळात उतरला. बांबूने कोपरा न कोपरा चाचपला. शेवटी त्याने वर बघून हात हलवला. खाली कोणी नव्हतं.

भटू आईकडे वळला.

"माय, ती इथं नहीच. मंग गेली कुठी?"

झुंबरबाई उठली. आबांसकट सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "तुझा हात पोचणार नही इतकी लांब. त्या पहाटी मीच चपला विहिरीत टाकल्या अन् तिले गाडीत बसवून दिली."