शेवटच्या शब्दापासून

नातीच्या यमकांच्या चित्रपुस्तकावर माझ्या सासूबाई साठाव्या वर्षी वाचायला शिकल्या. मीच शिकवलं. “आजपासून पोरीला मी वाचून दाखवणार,” म्हणत त्यांनी सगळ्यांसमोर अख्खं पुस्तक घडाघडा वाचलं. माझा नवरा फिदीफिदी हसला. “आई, ही पोपटपंची! रोज ऐकून पाठ झालंय तुला. यमक जुळतं म्हणून पुढचा शब्द आपोआप येतो.” माझं डोकंच फिरलं. मी तोंड उघडणार, तोच त्यांनी हातानं थांबवलं. जन्मभर कपडे शिवलेली बाई ती. तिनं शेवटचं पान उघडलं, चित्रावर तळहात ठेवला आणि शिवण उसवावी तशी शेवटच्या शब्दापासून पहिल्याकडे एकेक शब्द वाचत निघाली. जोडाक्षरांवर अडखळली, घामाघूम झाली, पण हटली नाही. पुस्तकाच्या पहिल्या शब्दावर पोचली, तेव्हा तिनं पुस्तक मिटून लेकापुढे ठेवलं. “यमकाची पार वाट लागली रे,” सासूबाई म्हणाल्या, “पण वाचलं मीच!”