सोनाजीची पाणबुडी

"हे आयकून कुनीबी इस्वास ठेवनार न्हाई," नासेरच्या दुकानापुढं बसून सोनाजी म्हणाला, आणि खरंच कुणी ठेवला नाही.

जन्मभर त्यानं थापा मारल्या, त्या पुसेगावनं मिटक्या मारत ऐकल्या. आज एकदाच तो खरं सांगत होता, तर सगळे दात काढत होते. गेल्या साली लढाई चालू असताना, रत्नागिरीच्या आगबोटीवरून त्यानं पाणबुडी बघितली होती. काळी पाठ पाण्यावर आली, थोडी थांबली आणि आवाज न करता बुडाली.

"म्हैस असंल," नासेर म्हणाला.

"समिंदरात म्हैस?" सोनाजीनं चिडून आजच धुऊन आलेले, त्यानंही अजून न बघितलेले फोटो वाटले. "बघा! सारे म्याच काढले. बोटीवर दुसरा क्यामेराच नव्हता."

ज्यानं त्यानं हातातला फोटो बघितला, नुसतं पाणी; शेवटचा एक कुणी उचललाच नाही. सोनाजीला रडू यायचं तेवढं बाकी होतं.

मीठ घ्यायला आलेल्या भावजयीनं, सुमनबाईनं, शेवटचा फोटो हातात घेतला. फोटो म्हणजे देवाचाच, म्हणून तिनं तो आधी कपाळाला लावला, मग देव कोणता ते डोळ्यांजवळ धरून बघितलं.

"खोटं बोलून राहिले भावजी. ह्यो तुमी न्हाई काढला."

"काहून?"

"आख्खी बोट दिसून राहिली. कठड्याला तुमीच उभे, डोळ्याला क्यामेरा लावून. ह्यो फोटो पाण्यातून काढलाय."