सैल जाळी

मागच्या दाराशी, घर उबदार ठेवायला जमिनीतून गरम हवा येते त्या भोकावरची लोखंडी जाळी सैल होती. पाय पडला की खण्ण वाजायची आणि आमचा मुलगा आल्याचं कळायचं. जानेवारीत गोठलेल्या तळ्यावरून गाडी नेताना बर्फ फुटून तो गाडीसकट बुडाला. शेजाऱ्यांनी शब्द कमी, बटाटा-खिम्याचे ट्रे जास्त आणले. त्यानंतर जाळीवर कुत्रा चढला तरी माझी बायको मार्लिस दाराकडे बघायची आणि एक ट्रे ओव्हनमध्ये ठेवायची. शेवटी मी नवी जाळी आणली. ती भोकात उतरेना. “भोक मोजायचं असतं, जाळी नाही,” मार्लिस म्हणाली. “जाळीच मोजली मी.” “आणि सरकारनं तुला रस्ते मोजायला ठेवलं होतं.” “उद्या बदलून आणतो. दर वेळी असं दाराकडे बघणं बरं नाही.” तिनं जुनी जाळी भोकावर ठेवली आणि तिच्यावर पाय दिला. खण्ण. दाराकडे आधी मी पाहिलं.