एकाच माणसाची कमांड

अर्धांगवायूनंतर दिगंबर टिळेकर मेंदूतल्या चिपच्या आधारानेच बोलत. ती चिप चालवणाऱ्या प्रोग्रॅमिंग भाषेतली एक जुनी कमांड काढून टाकायचा प्रस्ताव आज त्या भाषेचे बदल ठरवणाऱ्या मंडळापुढे होता. ती गेली की त्यांचा आवाजही कायमचा जाणार, हे त्यांच्या पत्नी मालिनीबाईंना डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं.

"ही कमांड वापरणारे तुम्ही एकटेच उरलात, सर," पडद्यावरून अध्यक्ष ऋजुता अवघडून म्हणाली. "तिच्यामुळे बाकीच्यांच्या चिप मंदावतात. पण भाषा तुम्हीच घडवलेली आहे. तुम्ही नको म्हणालात, तर प्रस्ताव मागे घेऊ."

"अहो, नको म्हणा," मालिनीबाई कुजबुजल्या.

"एका माणसासाठी भाषा अडवायची नाही, हा नियम माझाच आहे. तोच नियम दाखवून कितीजणांच्या विनंत्या फेटाळल्यात मी."

"आणि मी कुणाशी बोलू?"

ते पडद्याकडे वळले. "मान्य."

मंडळाने उभं राहून टाळ्या वाजवल्या. मंजूर झालेला बदल लगेच सगळ्या चिपमध्ये उतरत असे. दिगंबररावांचे ओठ हलले, आवाज आला नाही.

मालिनीबाईंनी पडदा बंद केला, खुर्ची त्यांच्यासमोर ओढली आणि संसारभर गिळलेलं सगळं एकेक करून त्यांना ऐकवायला सुरुवात केली.