दहा हजार तास

पडद्यावर वाहकतेचा शेवटचा आकडा आज एकने घसरला. आठशे अंशांवर तापलेल्या भट्टीत झिर्कोनिया या सिरॅमिकची नाण्याएवढी चकती होती. तिच्यातून ऑक्सिजनचे आयन अजून वाहत होते. रोज किंचित कमी.

वीज बनवणाऱ्या इंधनघटात ती टिकेल का, हे पाहायला पीएचडी करणाऱ्या शलाकाने पाच हजार तासांचा प्रयोग लावला होता. मध्येच शलाका अपघातात गेली. तास कधीच भरले, तरी तिच्या मार्गदर्शक निगुडकरबाईंना भट्टी बंद करवेना. शलाकाची आई दर महिन्याला यायची, भट्टीच्या कोमट पत्र्यावर हात ठेवून उभी राहायची.

"दहा हजार झाले," आज ती पडद्यावरच्या तासांच्या आकड्याकडे बघत म्हणाली. "माझ्यासाठीच चालू ठेवलीत ना, बाई?"

"माझ्यासाठीसुद्धा," बाई पुटपुटल्या.

आईने पत्र्यावरचा हात काढला. "आता विझवा. पण हळूहळू हं. एकदम गार केली तर चकती तडकते, असं शलाका सांगायची."