तिन्ही दुकानांचं एकमत

"आजपासून आपल्या तिन्ही दुकानांचा मेंदू एक! तोंडी कुणी कुणाचं ऐकायचं नाही. फोनवर दिसेल तेच खरं," अशी घोषणा मालोजीराव टेलरांनी सकाळी केली. दुपारी बेळगोळच्या दुकानातली वीज गेली, तिथलं वायफाय बंद पडलं आणि मेंदूचा एक तुकडा झोपी गेला.

हा मेंदू त्यांच्या मुलानं, गगननं, बनवला होता. अगदी इवलासा. दुकानागणिक एक फोन. काय ठरलंय आणि कोण जागं आहे, एवढंच ते फोन एकमेकांना विचारून सगळ्यांना सांगत.

नेमक्या तेव्हाच विभावरीबाई धापा टाकत मालोजीरावांच्या दुकानात शिरल्या. "काका, मुलीच्या ब्लाउजला लाल पायपिंग नको, हिरवी हवी. संध्याकाळी साखरपुडा आहे हो!"

"आयतु! झालंच समजा," म्हणत मालोजीरावांनी फोनवर 'हिरवी' टाकलं. फोननं उत्तर दिलं : बहुमत नाही.

"गगन, हे काय रे?"

"अप्पा, तीनपैकी दोन दुकानं जागी असल्याशिवाय ठरलेलं बदलता येत नाही. बेळगोळला वीज नाही, आणि सरस्वतीपुरमला अम्माचा फोनही बंद दिसतोय."

"अय्यो, पण मालक मीच ना?"

"मालक तुम्हीच. बहुमत नाही."

मालोजीराव चक्रावले. त्यांना आजवर कुणी बहुमत मागितलं नव्हतं, आणि त्यांनीही कुणाला मत विचारण्याची आगळीक केली नव्हती. विभावरीबाईंना स्टुलावर बसवून त्यांनी स्कूटर काढली आणि थेट सरस्वतीपुरमचं दुकान गाठलं. तिथे त्यांच्या पत्नी मालतीबाई तोच ब्लाउज शिवत होत्या. एका बाहीला लाल पायपिंग लागूनही झाली होती.

"थांब, थांब! हिरवी लाव."

"फोनवर लाल आलं होतं."

"अग, मी सांगतोय ना!"

"तोंडी ऐकायचं नाही," मशीन न थांबवता त्या म्हणाल्या. "सकाळी कोण बोललं?"

मालोजीरावांनी आठवून पाहिलं. बोलणारा माणूस फारच ठाम होता. तेवढ्यात दुसरी बाही सुईखाली सरकली.

मग मालोजीराव बाकावर टेकले, डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, आणि लग्न झाल्यापासून तोंडून कधी न निघालेलं वाक्य कसंबसं बाहेर काढलं.

"मालती, तुझं मत हवंय."

मशीन थांबलं. मालतीबाईंनी चष्मा कपाळावर चढवला आणि नवऱ्याकडे पाहिलं. नवं गिऱ्हाईक मापाला उभं राहावं, तसं वरून खाली, सावकाश.

"देते की," त्या म्हणाल्या. "माझ्या फोनचा चार्जर तुमच्या दुकानात राहिलाय, तेवढा आणून देता?"